गजेंद्रभाऊंचं लुक आफ्टर

गजेंद्रभाऊंनी ते वाक्य मराठीत म्हटलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. "जा रे, बघतो मी" एवढं म्हणून माणूस मोकळा होतो. मराठीतल्या 'बघतो'ला कुणी फारसं धरून ठेवत नाही. बघतो म्हणणारा बघत नाही, ज्याला सांगितलं तोही विसरतो, आणि दोघांचे संबंध शेवटपर्यंत चांगले राहतात. पण दारात समोरच्या घरातला महेश उभा होता, त्याच्या हातात चावी होती, डोळ्यांत काळजी होती, आणि गजेंद्रभाऊंच्या तोंडून गेलं, "डोन्ट वरी महेश. आय विल लुक आफ्टर."

महेशचे खांदे तिथल्या तिथे खाली आले. आयुष्यात आपल्या बोलण्याने कुणाचे खांदे असे खाली आलेले भाऊंनी पाहिले नव्हते. त्यांना फार बरं वाटलं.

हे इंग्रजी आलं कुठून, ते सांगायला हवं. गजेंद्रभाऊ सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये डिस्पॅच खात्याचे इन्चार्ज. साड्यांचं रंगवलेलं कापड त्यांच्या सहीशिवाय मिलबाहेर जात नाही. धाकट्या शेठच्या मनात आलं की स्टाफला इंग्रजी यायला हवं, आणि कॅन्टीनमध्ये संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. शिकवायला काशिनाथ सर. सरांचं म्हणणं असं की इंग्रजी भाषा म्हणजे दुसरं काही नाही, नेहमीच्या क्रियापदांना शेपट्या लावायच्या. क्रियापद ओळखीचं असतं, शेपटी लागली की ते ओळख दाखवत नाही. म्हणून रोज एक शेपटीवालं क्रियापद शिकायचं आणि घरी जाऊन वापरायचं. 'गिव्ह अप' शिकले त्या आठवड्यात भाऊंनी तंबाखू सोडली होती. पुढच्या आठवड्यात सोडणं सोडलं. 'पुट ऑफ'च्या दिवशी सरच आले नाहीत. 'लुक आफ्टर' मात्र सरांनी जीव ओतून शिकवलं. नुसतं लुक म्हणजे पाहणं, त्यात पाहणाऱ्याचं काही जात नाही. आफ्टर लागलं की जबाबदारी आली. आई बाळाला लुक आफ्टर करते, शेतकरी गायीला, शेठ दुकानाला. सरांच्या सगळ्या वाक्यांत करणारा मोठा असायचा आणि ज्याचं करायचं तो बिचारा, हे भाऊंना मनापासून आवडलं.

आता घरी वापरायचं तर घरात होतं कोण? बायको, सरलाबाई, लेक धनश्रीला घेऊन अमळनेरकडे माहेरी गेल्या होत्या. आखाजी आली होती. अक्षय्य तृतीया सगळीकडे असते, पण खानदेशी माणसाची आखाजी ही दिवाळीच्याही वरची गोष्ट. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, पुरुष पारावर पत्ते कुटतात, घरोघर पितरांसाठी घागर भरली जाते. आखाजी जवळ आली की डिंडोली काय, लिंबायत काय, पांडेसरा काय, आमची माणसं बोचकी घेऊन उधना स्टेशनाकडे धावत सुटतात. भाऊंची साईकृपा सोसायटीही त्या दिवसांत अशी रिकामी होते की जिन्यात आपलीच चप्पल आपल्याला ऐकू येते.

भाऊ एकटे मागे राहिले होते. "तुमच्याशिवाय मिल चालणार नाही," असं शेठ म्हणाला होता. निदान सरलाबाईंना तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं.

महेशची अडचण वेगळी होती. त्याला बायको-पोरांना घेऊन गावी जायचं होतं, पण त्याची आई, धुरपदाबाई, यंदा यायला तयार नव्हती. का, ते ती सांगत नव्हती. साखरेची गोळी चालू, एक गुडघा कामातून गेलेला, आणि महिनाभरापूर्वीच मोरीत पाय घसरून पडलेली. तिला एकटी सोडून जायचं महेशच्या जिवावर आलं होतं. आपल्या नसण्यात आईला काही झालं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं तो म्हणाला. त्यावर भाऊंनी ते वाक्य टाकलं आणि धुरपदाबाई, चावीसकट, भाऊंच्या गळ्यात पडली.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण महेशने खाली रिक्षात बसता बसता सोसायटीतल्या विकासला सांगितलं की गजेंद्रकाकांनी इंग्रजीत जबाबदारी घेतली आहे. इंग्रजीत घेतलेल्या जबाबदारीबद्दल लोकांचा काय समज आहे कोण जाणे. बँकेची कर्जं, विम्याची पत्रं, डॉक्टरचे रिपोर्ट सगळं इंग्रजीत असतं, त्यामुळे ते मोडता येत नाही अशी काहीतरी समजूत असावी. विकास वर आला, चावी ठेवून गेला. त्याच्या घरी माशांची काचेची टाकी होती. सखारामची चावी आली. त्याच्या गॅलरीत कुंड्या होत्या, आणि फ्रिज रिकामा करून झाला की मेन स्विच तेवढा बंद करायचा होता. सुवर्णावहिनींनी गच्चीवर बिबडे वाळत घातले होते. ज्वारीचे ते नाजूक पापड दिवसा उन्हात राहू द्यायचे, सूर्य कलला की घरात, आणि कबुतरांना एक तुकडा दिसता कामा नये. संध्याकाळपर्यंत भाऊंच्या टेबलावर चाव्यांचा ढीग पडला. तो पाहून त्यांची छाती थोडी फुगलीही होती, हे खोटं कशाला बोला.

चाव्या ओळखायच्या कशा, हा प्रश्न भाऊंनी आपल्या धंद्यातल्या अकलेने सोडवला. त्यांच्याकडे मिलचं जुनं शेड कार्ड होतं, रंगवलेल्या कापडाचे चिमुकले तुकडे चिकटवलेलं. त्यातला एकेक तुकडा कापून त्यांनी प्रत्येक चावीला बांधला. महेशकडे राणी, सुवर्णावहिनींकडे गाजरी, विकासकडे रामा, सखारामकडे मोरपिशी. नावं लिहिली तर चोराच्या हाती लागतील, रंग कुणाला कळणार? ही युक्ती त्यांना इतकी पसंत पडली की त्यांनी ती खालच्या मजल्यावरच्या हसमुखभाईंनाही सांगितली. हसमुखभाई बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीत उरलेल्या दोन-चार माणसांतले एक, आणि सल्ला देण्यासाठी सदैव मोकळे. ते म्हणाले की बँकेत लॉकरच्या चाव्यांना नंबर असत, रंग कधीच नव्हते, यात काहीतरी कारण असेल. भाऊंनी ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये गेले तर फाटकावरच कळलं की कामाला माणूस नाही म्हणून शेठने आखाजीपर्यंत मिल बंद ठेवली आहे. ज्या मिलसाठी भाऊ थांबले होते ती मिलच गावाला गेली होती. सरलाबाईंचा फोन आला, मग संध्याकाळच्या गाडीने या ना. भाऊंनी सांगितलं की मी इकडे लुक आफ्टर करतोय. मग सरलाबाईंनी जेवणाचं काय करता, एवढंच विचारलं.

आता खरा घोळ सुरू झाला. रंगाच्या धंद्यात कालचं पोरगंसुद्धा एक गोष्ट जाणतं की शेड कधीही ट्यूबलाइटखाली पाहायची नाही. कापड उचलायचं, दाराबाहेर उन्हात न्यायचं, मग पास की नापास ते बोलायचं. गजेंद्रभाऊंनी हे मिलमध्ये शेकडो लोकांना सुनावलं होतं. पण साईकृपाच्या जिन्यात खिडकी नाही, एक मरतुकडा दिवा आहे, आणि त्याच्या उजेडात रामा आणि मोरपिशी यांच्यात काडीचा फरक दिसत नाही. राणी आणि गाजरी तर सख्ख्या बहिणी होऊन बसतात. भाऊंनी मोरपिशी समजून रामा चावी उचलली, सारख्या दिसणाऱ्या दोन दारांपैकी ती ज्याला लागली तेच सखारामचं घर समजून विकासच्या घरात शिरले, दाराजवळचा मेन स्विच बंद केला आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात कुलूप लावून निघून आले. विकासच्या माशांच्या टाकीतला बुडबुड्यांचा पंप बंद पडला, हे त्यांना दुपारी दाणे टाकायला गेल्यावर कळलं. बाकीचे मासे कसेबसे तग धरून होते. एक भगवा मासा पाठीवर पोहत होता.

त्यांनी पिशवी घेतली आणि तडक माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांच्यासमोर तसल्याच भगव्या माशांची पूर्ण टाकी ठेवली. भाऊंनी मेलेला मासा रुमालातून काढला आणि मेलेला व नवा, दोन्ही मासे दाराबाहेर उन्हात न्यायचा हट्ट धरला. दुकानदार म्हणाला, सगळे सारखेच आहेत, शेठ. भाऊ म्हणाले, सारखं काही नसतं, हा एक टोन पिवळसर आहे. तिसरा मासा पास झाला.

या दगदगीत धुरपदाबाईंकडे लक्ष कमी पडू नये म्हणून भाऊ येता-जाता त्यांची घंटा वाजवत. सकाळची गोळी घेतली का, दुपारची घेतली का, मोरीत पायपुसणं कोरडं आहे ना. माशाची धास्ती बसल्यामुळे त्यांना वाटू लागलं होतं की आपण पाठ फिरवली की काहीतरी पाठीवर पोहायला लागेल. चौथ्या घंटेला धुरपदाबाईंनी दार उघडलं ते कंबरेवर हात ठेवून.

"माले काय व्हयेल शे? घडी घडी घंटी वाजाडस. मी काय धाकली पोर शे?"

"तसं नही मावशी, महेशनी सांगेल शे."

"महेशनी माले बी सांगेल शे," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्यांना काय सांगितलं असेल, गोळ्या वेळेवर घे असंच असणार, असं समजून भाऊ कुंड्यांना पाणी घालायला गेले.

कुंड्यांना पाणी ते जरा जास्तच घालत होते. एप्रिलचं सुरतेचं ऊन, झाड सुकलं तर सखाराम काय म्हणेल, म्हणून सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि संध्याकाळी मनाची खात्री म्हणून एकदा. कुंड्यांखालच्या ताटल्या काठोकाठ भरल्या. डासांची पैदास तपासायला घरोघर फिरणाऱ्या पालिकेच्या बाई नेमक्या तेव्हा आल्या. त्यांनी ताटलीतलं पाणी पांढऱ्या वाटीत घेतलं आणि वाटी भाऊंच्या नाकासमोर धरली. आत अळ्या वळवळत होत्या. बाईंनी नोटीस लिहायला घेतली. घर सखारामचं, पण सापडले भाऊ. उद्या झोन ऑफिसला येऊन खुलासा द्या, असं त्या शांतपणे म्हणाल्या.

झोन ऑफिसातल्या साहेबाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. त्याने अगदी साधा प्रश्न विचारला होता.

"आ घर तमारुं छे?"

भाऊ म्हणाले, नाही. भाड्याने घेतलंय? नाही. घरमालक भाऊ लागतो, साडू लागतो? नाही. मग तुम्ही तिथे काय करता? भाऊंनी सदरा सारखा केला आणि म्हणाले की आय लुक आफ्टर. साहेबाने मान डोलवली, काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. नावापुढे लिहिलं होतं, चोकीदार. डिस्पॅच इन्चार्ज म्हणून ज्यांनी ट्रकच्या ट्रक सह्या करून सोडले, त्या माणसाने चोकीदार म्हणून सही केली. पुन्हा ताटलीत पाणी साचू देणार नाही असं लिहून दिलं. घरी येऊन त्यांनी हसमुखभाईंना हे सांगायला नको होतं, पण सांगितलं. हसमुखभाई म्हणाले की कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पगार नसला तरी.

त्या रात्री भाऊंना झोप म्हणून लागली नाही. जरा डोळा लागला की कबुतरं दिसत. ते उठत, चाव्या चाचपत, गॅलरीत जाऊन समोरच्या धुरपदाबाईंच्या खिडकीत उजेड आहे का पाहत, उजेड असला तर जाग का म्हणून घाबरत, नसला तर का नाही म्हणून घाबरत. मिलमध्ये हजारो मीटर कापड सांभाळताना कधी असं झालं नव्हतं. कापड हलत नाही, कापडाला साखर नसते, कापड मोरीत घसरत नाही.

उजाडली आखाजी. भाऊ पहिल्यांदा गच्चीवर गेले, बिबडे मांडले, त्यांच्यावर ओढणी अंथरली, कडेने विटा ठेवल्या. खाली येऊन धुरपदाबाईंची घंटा वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. आत त्यांचा मोबाइल वाजत होता, कारण भाऊंनीच तो लावला होता. घाईघाईने त्यांनी राणी रंगाची चावी काढली, लावली, ती फिरेना. गाजरी लावली, तीही फिरेना. मग राणी पुन्हा, उलटी. तेव्हा कुठे लक्षात आलं की कुलूप बाहेरून लावलेलं आहे, आणि हे कुलूप वेगळंच, जुनं पितळी, ज्याची चावी त्यांच्याकडे नव्हतीच. म्हणजे म्हातारी बाहेर गेली होती, आणि आपल्या मर्जीने गेली होती.

एवढ्यात महेशचा व्हिडिओ कॉल आला. मागे झोका दिसत होता, बायका हसत होत्या. आई कशी आहे, जरा दाखवा ना, फोन उचलत नाही. भाऊ म्हणाले, आंघोळीला गेल्यात. सरांनी शिकवलेलं सगळं इंग्रजी त्या क्षणी डोक्यातून निघून गेलं होतं. अर्ध्या तासाने दाखवतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि चप्पल उलटी घालून जिना उतरले.

हसमुखभाईंचं म्हणणं पडलं की साखरेचे पेशंट भरकटतात, त्यांच्या एका मेव्हण्याला नवसारीत शोधून काढावं लागलं होतं. भाऊ देवळात गेले. पुजाऱ्याने सांगितलं, आज सकाळपासून कुणी म्हातारी आली नाही, आल्या त्या सगळ्या तरण्या. ते भाजीबाजारात गेले. तिथे डांगरांच्या ढिगांपाशी म्हाताऱ्यांची गर्दी होती. खानदेशात आखाजीला घागरीवर खरबूज ठेवतात, त्याला डांगर म्हणतात, आणि सुरतेतला भाजीवालाही आता ते नाव शिकला आहे. भाऊंनी प्रत्येक नऊवारीच्या पुढे जाऊन वळून पाहिलं. एका बाईने त्यांना दोन शब्द सुनावले, तेही ऐकून घेतले. मग उधना स्टेशन. म्हातारीच्या मनात ऐन सणाला गाव आलं असेल, बसली असेल नंदुरबारच्या गाडीत, उतरताना गुडघा लचकला असेल, पडली असेल. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भाऊ जवळजवळ पळत गेले. गाडी सुटून गेली होती. रिकाम्या फलाटावर चहावाल्याने त्यांना बसायला स्टूल दिलं, इतकं त्यांचं तोंड उतरलं होतं.

स्टुलावर बसून भाऊंना रडू आलं. मासा बदलता आला, पाण्याच्या ताटल्या ओतून टाकता आल्या. महेशला काय दाखवणार? त्या क्षणी त्यांना इंग्रजी नको झालं, चाव्या नको झाल्या, एवढी एक बाई धडधाकट सापडू दे, पुन्हा कुणाला काही म्हणणार नाही, असं ते मनातल्या मनात घोकत होते. फोन पुन्हा वाजत होता. महेशच होता. त्यांनी उचलला नाही.

शेवटी भाऊ स्टेशनवरच्या पोलीस चौकीत गेले; तिथल्या पोलिसाने पाणी दिलं आणि विचारलं, बाई तुमच्या कोण लागतात? भाऊंनी या वेळी शब्द शोधले नाहीत. शेजारीण आहे, मावशी म्हणतो, असं सांगितलं. पोलीस म्हणाला, फोटो आणा, लगेच सगळीकडे पाठवतो. धनश्रीच्या साखरपुड्याच्या अल्बममध्ये धुरपदाबाई होत्या, पुढच्या रांगेत, डोक्यावरून पदर घेतलेल्या. भाऊ तो आणायला घराकडे धावले.

आपल्या दारात येऊन त्यांनी चावी लावली. ही चावी तरी त्यांना रंगाशिवाय ओळखता येत होती. पण दार आतून बंद होतं.

आत कुणीतरी भांडं सरकवलं. एकीकडे म्हातारी हरवलेली, दुसरीकडे घरात चोर, आणि तोही स्वयंपाकघरात. काय करावं ते न सुचून भाऊंनी आपल्याच घराची घंटा वाजवली.

"कोन शे?" आतून आवाज आला.

दार उघडलं. धुरपदाबाई उभ्या होत्या, हाताला पीठ, कपाळावर घाम. त्यांनी भाऊंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, उलट्या चपलांपाशी नजर थांबली.

"कथा फिरी ऱ्हायना तू सकाळपाइन? माले किती फिकीर लागनी."

भाऊंनी चपला काढल्या. त्यांनी विचारलं, मावशी, तू आत कशी आलीस? त्यावर त्या म्हणाल्या की दाराने आले. सरलाने जाताना आपली चावी त्यांच्याकडे देऊन ठेवली होती. भाऊ गच्चीवर बिबडे मांडायला गेले, तेव्हाच त्या आपलं दार ओढून, कुलूप लावून, पुरणाचं सगळं सामान घेऊन इकडे आल्या होत्या. सोसायटी रिकामी, कुणीही आत येईल, म्हणून दाराला आतून कडी घातली. मोबाइल पिशवीत मावत नव्हता, तो तिकडेच राहिला.

भाऊ आत गेले. देवघरापुढे पाटावर दोन घागरी होत्या. कोऱ्या, लाल मातीच्या, पाण्याने भरलेल्या, गळ्याला सूत गुंडाळलेल्या, आणि दोन्हींवर एकेक डांगर. समोर केळीच्या पानावर पुरणपोळी, आमरस, भजी. चुलीच्या जागी गॅसपुढच्या ताटलीत निखारा धुमसत होता, पितरांच्या नावाने निखाऱ्यावर घास, म्हणजे आगारी, टाकून झाली होती.

"ही कोनी?" भाऊंनी पहिल्या घागरीकडे बोट करून विचारलं.

धुरपदाबाई पदराने हात पुसत खाली बसल्या. बसायला त्यांना वेळ लागला, गुडघा नीट मुडपत नव्हता. मग त्यांनी ते सांगितलं, जे महेशला सांगितलं नव्हतं.

"मन्हा मालक. महेश म्हने, घागर गावले भरूत. त्या गावले कसा जातीन? सारी जिंदगी आठे मागवर काढी. सुरतमाच गया. त्यासले आठलाच रस्ता माहीत शे. त्या येतीन आनी दारले कुलूप दिसी, ते मंग?"

माग म्हणजे लूम. त्यांच्या मालकांनी कडोदऱ्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर माग चालवला होता, हे भाऊंना माहीत होतं. त्यांनी दुसऱ्या घागरीकडे पाहिलं आणि विचारायच्या आधीच त्यांना कळलं. तरी त्या म्हणाल्या.

"तुना बाप बी आठेच गया ना, भाऊ. सरला गावले गयी, मंग त्यानी घागर कोन भरी? म्हनीसन मन्ही बी आठेच आनी, समोरनं दार त्यासले माहीत शे."

दरवर्षी सरलाबाई घागर भरत आणि भाऊ आयत्या वेळी येऊन हात जोडत. यंदा विकासचे मासे, सखारामच्या कुंड्या, सुवर्णावहिनींचे बिबडे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. बाप नव्हता. याच शहरात, याच पांडेसऱ्याच्या रंगाच्या वाफेत ज्याने दिवस काढले, तो त्यांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. ते घागरीपुढे वाकले. डोकं पाटाला टेकलं आणि तिथेच थोडा वेळ राहिलं. धुरपदाबाईंनी उठून मुद्दाम पाठ फिरवली आणि तव्यावरची पोळी उलटली.

"ऊठ आते. बठ जेवाले. दोन दिन पाइन धड जेवेल नही तू. पाव खाई खाई तोंड कसं व्हयी गये पाय."

त्यांनी ताट वाढलं. पुरणपोळीवर तूप सोडलं, रसाची वाटी भरली, आणि समोर बसून राहिल्या, पहिला घास जाईपर्यंत. भाऊ खाऊ लागले. भूक लागली होती हेही त्यांना माहीत नव्हतं. दुसरी पोळी त्यांनी नको म्हणायच्या आत ताटात पडली.

तेवढ्यात टेबलावरचा भाऊंचा फोन वाजला. पडद्यावर महेशचा चेहरा, पांढरा पडलेला, मागे झोका थांबलेला. भाऊंचे दोन्ही हात रसाने भरलेले. धुरपदाबाईंनीच फोन उचलला आणि नाकाजवळ धरला.

"आई," महेश ओरडलाच, "कुठे होतीस? काका फोन उचलत नव्हते."

"आठेच शे," धुरपदाबाई म्हणाल्या. "तू सांगेल व्हतं तसं ध्यान ठेवी ऱ्हायनू. गजेंद्रभाऊ बरा शे. जरा घाबरी जायेल व्हता, आते जेवाले बठाडेल शे. तू काय फिकीर करू नको, मी शे ना आठे."

आणि पुरावा म्हणून त्यांनी फोन वळवून ताटावर बसलेले गजेंद्रभाऊ दाखवले. भाऊंचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी मान हलवली.